रेकॉर्डरूमच्या फरशीवर

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कार्यालयाचे प्रमुख साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या रेकॉर्डरूमच्या मावशी, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

माझ्याआधी सहा जणांनी मावशींचे गोडवे गायले. दोन वर्षांपूर्वी मावशींची कंबर धरली तेव्हा ही सहा तोंडे कुठे होती? मी सांगते.

फायलींचा गठ्ठा उचलताना त्यांची कंबर गेली. तीन आठवड्यांनी परतल्या, त्या एक व्यायाम शिकून. उताणे झोपायचे, गुडघे दुमडायचे, तळपाय जमिनीला टेकवायचे आणि कंबर सावकाश उचलायची. गुडघ्यांपासून खांद्यांपर्यंत सरळ रेघ झाली की पाच आकडे मोजायचे, श्वास न रोखता. मग तितक्याच सावकाश खाली. साधन काय लागते? फरशी. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डरूममध्ये सतरंजी टाकून त्या हे करायच्या.

आणि आपण? दाराच्या काचेला नाक लावून उभे! "मावशी, ऑलिंपिकला निघालात का?" हे आपले रोखपाल. मावशी खालूनच म्हणाल्या, "हो रे बाबा. तू टाळ्या वाजवायला ये. तेवढं तरी जमेल ना?"

साहेब, तुम्हीही घरी करून पाहिलात. पहिल्याच दिवशी चाळीस, तेही झटके देत, श्वास कोंडून! चार दिवस रजा काढलीत आणि परतून म्हणालात, व्यायामच चुकीचा आहे. मग तुमच्या खोलीत मालिश करणारी खुर्ची आली. हल्ली तिच्यावर तुमची छत्री बसते.

त्याच सुमारास मावशींना घरी पाठवण्याचा प्रस्ताव निघाला. 'वजन उचलण्यास अपात्र.' नोकरीची दोनच वर्षे उरलेली, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. वजन उचलण्याच्या तपासणीला तीन महिने होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पाचाचे आठ केले, आठाचे बारा. रोज.

तपासणीच्या दिवशी समितीसमोर त्या गुडघ्यांत वाकल्या, गठ्ठा छातीशी घेतला आणि उभ्या राहिल्या. आणि म्हणाल्या, "कुठं ठेवू, साहेब? की धरूनच उभी राहू?"

प्रस्ताव फायलीतच राहिला. ती फाइल मी काल काढून पाहिली. आपल्याकडे वरची सही दिसली की खालची न वाचता होते. त्या कागदावर वरची सही साहेबांची आहे. खालची माझी.

असो. संयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांची मी आभारी आहे. काही अधिकउणे बोलले असेन, तर रिवाजाप्रमाणे सभेची क्षमा मागायला हवी. ती मी मागत नाही. कोणाला लागले असेल तर बरेच झाले.

मावशी, तुमची मागते. दोन वर्षे उशीर झाला.