काउंटरवर पांढरं चालत नाही

नाही नाही, उद्या नको ताई, आजच लावा—कानामागे रंगाचा थेंब लावून बघायचा आणि मग वाट बघत बसायचं, एवढा वेळ कुठाय मला? सकाळी काळे केस घेऊन हजर झाले नाही, तर हॉटेलचं रिसेप्शन सुटलं म्हणून समजा. मग तळघरात चादरींच्या घड्या घालायच्या. हो, सुजतं ना कपाळ, मागे तर डोळे उघडत नव्हते, डॉक्टरांनी दम भरला म्हणून तर रंग सोडला! मॅनेजरला सांगितलं नाही का म्हणता? सांगितलं की. तर म्हणाला, मॅडम, पाहुण्याला आल्या आल्या प्रसन्न चेहरा दिसायला हवा. आता माझ्या चेहऱ्याला काय धाड भरलीय? अर्धं आयुष्य गेलं त्या काउंटरमागे हसण्यात.

आणि गंमत ऐका—माझ्या शेजारच्या खुर्चीवर जे गृहस्थ बसतात ना, त्यांचं डोकं पार कापसासारखं होतं. त्यांना कोणी बोललं? छे! उलट, काय रुबाब आहे साहेब तुमचा! म्हणजे बाईचे पिकले की ती म्हातारी, आणि पुरुषाचे पिकले की—जाऊ दे. वकीलबाईंकडे गेले, तर त्या खूशच झाल्या. बायकांना एक नियम आणि पुरुषांना दुसरा, हे कायद्यात बसत नाही म्हणाल्या, आपली बाजू भक्कम आहे—फक्त तक्रारीची चौकशी होईल तेव्हा त्या गृहस्थांनी खरं सांगायला हवं.

बाहेर स्कूटरपाशी काळ्याभोर केसांचे एकजण उभेत ना, तेच ते गृहस्थ. आमचे हे. हो, नवरा! त्याच काउंटरवर जमलं आमचं. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, तुम्हाला केसांबद्दल काय सांगितलंय? तर हे म्हणाले, मलाही रंगवायला सांगितलंय, नियम सगळ्यांना सारखाच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. संपलं सगळं! आणि ते खरं वाटावं म्हणून दुसऱ्याच दिवशी रंगवून आले.

राग? कोणत्या तोंडानं रागावू? आदल्या दिवशी मीच बजावलं होतं—या तक्रारीपायी दोघांची नोकरी एकदम गेली तर खायचं काय, मुलीचं शिक्षण, सासूबाईंची औषधं—तुम्ही मॅनेजर म्हणेल तेच म्हणा, एकाची तरी टिकू दे. हे नाही नाही म्हणत होते, मीच हात जोडले. तरी ना ताई, ते साहेबांसमोर बसले, घसा खाकरला, तेव्हा मला वाटलं, आता बोलतील. माझं न ऐकता बोलतील. माझ्यासाठी बोलतील. एवढं वाटलं हो मला—

काय? डोळ्यात रंग गेला? नाही हो, अजून ब्रश तरी कुठं टेकवलाय तुम्ही. असू दे तो टॉवेल. लावा. लावा म्हटलं ना.