बापाच्या दारावरचा गंज

…नाही, तुम्ही हसू नका! मी विचारतोय त्याचं आधी उत्तर द्या. गंज ही काय कौतुक करायची गोष्ट आहे? जन्मभर मी गंज खरवडत आलो. पंपाचा खरवडला, पाइपांचा खरवडला, पवनचक्कीवर चढून, वाऱ्यात लोंबकळत, पात्यांचा खरवडला. आमच्या नेब्रास्कात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटात शिरून लोखंड खाऊन टाकतं, म्हणून दर रविवारी चर्चहून आलो की कोट काढायच्या आधी मी गाडीखाली पाण्याचा पाइप मारतो. आणि माझ्या घरात जावई कोण यावा? कोडी! पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला, भाजलेलं बदक, डम्पलिंगचे उकडलेले गोळे, आंबट कोबी, सगळं चापलं आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणतो, "पपा, कसला सुंदर गंज आहे हो!"

सुंदर! माझ्या मुलीबद्दल इतकं चांगलं तो तोवर बोलला नव्हता!

कशाला म्हणाला? माझ्या बापाच्या ट्रकला. बाप माझा मात्याश व्होंद्राचेक, विहिरी खोदायचा. आज गावात जे नाक वर करून फिरतात ना, त्यातले निम्मे त्याने काढलेल्या पाण्यावर वाढलेत. बाप गेला, नंतर ट्रकही बंद पडला, मी तो वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगेत नेऊन उभा केला. तुतीचं एक झाड त्याच्या तळातून उगवून खिडकीबाहेर आलं. पण ड्रायव्हरच्या दारावर हिरव्या रंगात पिवळी अक्षरं अजून दिसायची… 'एम. व्होंद्राचेक, विहिरी आणि पंप'. 'एम' तेवढा बाप असतानाच गेला होता. का? तर खिडकीतून हात बाहेर टाकून तो दारावर थापा मारत गाडी चालवायचा. कुत्र्याला बोलवायचं, थाप. शेजारी दिसला, थाप. नेमकी त्या 'एम'वर.

कोडी म्हणाला, "पपा, याचा रॅट रॉड करू या."

"काय करू या?"

रॅट! उंदीर! चांगल्या ट्रकला उंदीर! मला वाटलं, रंगवणार असेल, चमकवणार असेल. छे! रंगवायचं नाहीच म्हणे. जुना ट्रक घ्यायचा, कापायचा, ठेंगणा करायचा, दहा भंगारांचे दहा तुकडे त्याला जोडायचे आणि गंज तसाच ठेवायचा. वर त्या गंजावर पारदर्शक लाख मारायची. कशाला? तर गंज निघून जाऊ नये म्हणून! गंज जपायचा! अहो, गंज म्हणजे गंज! मी म्हटलं, "उद्या माझे दात पडतील, त्यांनाही लाख मारशील का?"

तर म्हणतो, "पपा, गावच्या जत्रेत गाड्यांचं प्रदर्शन असतं. पहिली येणारी गाडी मिरवणुकीत सगळ्यात पुढे चालते. झेंड्याच्या मागोमाग. दारावर तुमच्या वडिलांचं नाव…"

आता बोला! बापाला जाऊन इतकी वर्षं झाली, नाव काढणारं कोण उरलंय? एकदा, फक्त एकदा, ते दार गावच्या रस्त्यावरून झेंड्यामागून जावं, एवढं मला हवं होतं. दुसरं काही नाही. मी म्हटलं, "कर काय करायचं ते. दाराला हात लावायचा नाही."

मग सुरू झालं! टप कापून वीतभर खाली घेतलं. वीतभर! माझी हॅट कुठे जाणार? "हॅट काढून बसायचं, पपा." साठ वर्षं मी ती चर्च सोडून कुठे काढलेली नाही! सांगाडा इतका खाली आणला की रस्त्यात मक्याचं कणीस पडलेलं असलं तर गाडी अडावी. बॉनेट काढून फेकलं. मडगार्ड काढून फेकले. मी म्हटलं, "अरे, चाकांनी चिखल उडेल ना!" तर म्हणतो, "त्यातच तर शोभा आहे." शाळेच्या भंगार बसचं इंजिन बसवलं. गिअरच्या दांड्याच्या जागी काय लावावं? माझ्या हातपंपाचा दांडा! मला न विचारता! बसायला ट्रॅक्टरची लोखंडी बैठक, मधे भोकं पाडलेली. या वयात! टपाला ठिगळ कमी पडलं तर माझं कोंबड्यांचं खुराडं फोडून त्याचा पत्रा लावला. नवा पत्रा आणून देतो म्हटलं तर अंगावर पाल पडल्यासारखा मागे सरला. "नवा? पपा, गंज जुळायला नको? खरा गंज पाहिजे. काही लोक औषधं लावून खोटा गंज चढवतात… असल्यांशी मी बोलत नाही."

ऐकलंत? खोट्या गंजवाल्यांशी हा बोलत नाही! जसं काही गंजात खानदान असतं! गंज म्हणजे गंज!

आणि वेल्डिंग? त्याचा पहिला जोड मी बघितला. जशी चिखलातून कोंबडी चालत गेली होती! मी म्हटलं, "हे माझ्या बापाच्या ट्रकवर?" म्हटलं, "हो बाजूला." मुखवटा चढवला आणि सगळे जोड मी केले. उंदीर तर उंदीर, पण जोड सरळ पाहिजे. आता तुम्ही म्हणाल, एमिल, मग तूही त्यात होतास. होतो! म्हणून तर संताप येतो ना!

बायको माझी, अ‍ॅग्नेस, म्हणायची, "तुम्ही दोघं शेडमध्ये असता तेव्हा घरात किती शांत वाटतं."

जत्रेला आठवडा राहिला. कोडी दिवसभर धान्याच्या कोठारावर कामाला. मी एकटा शेडमध्ये. समोर ते दार. अक्षरं उडालेली, 'एम' तर नाहीच. मला राहवेना. मी विचार केला, बापाचं नाव झेंड्यामागून जाणार, ते काय असं भिकाऱ्यासारखं जाणार? तुम्हीच सांगा, कुठल्या मुलाला राहवेल? पॉलिश पेपर घेतला, दार घासून गुळगुळीत केलं. हिरवा रंग मारला. दोरी धरून रेघा आखल्या आणि पिवळ्या रंगाने एकेक अक्षर असं भरलं, असं भरलं की बाप असता तर म्हणाला असता… काही म्हणाला नसता, तो बोलायचाच नाही. पण दारावर थाप मारली असती.

अ‍ॅग्नेसला हाक मारली. ती हात पुसत आली, बघितलं, आणि पुसतच राहिली. म्हणाली, "एमिल, हे काय करून ठेवलंस?"

"काय करून ठेवलं म्हणजे? बघ ना, दिसतंय कसं!"

"तेच बघतेय."

संध्याकाळी कोडी आला. दाराकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मयताला काढतात तशी! उलट्या बादलीवर बसला. मी म्हटलं, "बोल! बोल की! शिवी दे!"

तर म्हणतो, "नाही, पपा. तुमच्या वडिलांचं नाव आहे. छान झालंय."

छान झालंय! भांडला असता तर मी त्याला झोडपलं असतं. पण हा छान म्हणाला आणि जेवला नाही! अ‍ॅग्नेसची डम्पलिंग तशीच ताटात! मग ती माझ्यावर, "त्या पोराने वर्षभर एकही रविवार घरी काढला नाही. तुझ्या बापाच्या ट्रकसाठी. चूक झाली म्हण जा."

"मी? मी म्हणू? मी गंज काढला तर चूक माझी? गंज म्हणजे गंज!"

म्हणालो नाही. आजवर कुणाला म्हणालो नाही, जावयाला म्हणणार? पण दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला, मी काकड्यांच्या लोणच्यासाठी ठेवलेला व्हिनेगर उचलला, मीठ उचललं, ओली पोती घेतली आणि शेडचं दार आतून लावून घेतलं.

हसू नका म्हटलं ना! ज्या मिठाचं मी जन्मभर तोंड बघितलं नाही, ते मी माझ्या हाताने, रंग जागोजाग खरवडून, बापाच्या दाराला चोळलं. चोळताना काय झालं ते मी सांगणार नाही. पहिला गंज आला तो गाजरासारखा. भगवा! मला राग आला. हा काय गंज आहे? हे काय काम आहे? परत घासलं. परत मीठ, परत व्हिनेगर, परत ओली पोती. काठाला काळपट, खाली तपकिरी, पाणी ओघळतं तिथे लांब रेघ. ऊन ज्या बाजूने लागायचं त्या बाजूची अक्षरं फिकट केली. आणि 'एम' शेवटी. तो कागदाने नाही घासला. आत बसलो, खिडकीतून हात बाहेर टाकला आणि तळव्याने घासला. थापा मारमारून. हात सोलून निघाला, पण 'एम' गेला तो बापाने घालवला होता तसाच गेला.

कोडी कामावरून आला, बघितलं, जवळ जाऊन वाकला. "पपा… जुना गंज परत कसा आला?"

मी म्हटलं, "खालीच होता. वरचा रंग पुसून काढला."

खोटं बोललो. म्हातारपणी, जावयाशी, गंजासाठी! तो मला मिठी मारायला आला. मी हातोडी शोधायला वाकलो.

जत्रेचा दिवस. चर्चमागच्या मैदानात गाड्या लागलेल्या. परीक्षक कोण? ओमाहा शहरातून आलेला एक दाढीवाला, हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. बापाच्या दारासमोर तो गुडघे टेकून बसला. गुडघे! बिशप आले होते तेव्हा इतकी माणसं वाकली नव्हती. म्हणतो, "अहाहा! याला म्हणतात गंज. हा माणसाच्या हाताने येत नाही. याला ऐंशी वर्षं लागतात." खिशातून निळी फीत काढली. कोडीचे डोळे भरले. झेंडा समोर दिसतोय. एक गाठ मारायची राहिली, एक!

आणि तेवढ्यात लुमीर कुचेरा आला. माझ्याच वर्गातला, आमच्या शेजारच्या शेतातला, काठी टेकत, जगात सगळं बिघडलंय हे सांगत फिरणारा. दाराकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणतो, "एमिल, लाज नाही वाटत? मात्याश रोज संध्याकाळी हा ट्रक फडक्याने पुसायचा, आणि तू तो सडवलास? आळशी कुठला!"

आळशी! मी! तुम्हाला सांगतो, माझ्या कानात शाळेच्या बसचं इंजिन सुरू झालं. मी म्हटलं, "कोण म्हणतो सडवला? तुझे डोळे गेलेत, लुमीर! हा गंज सडून नाही आला, हा मी चढवलाय! या हातांनी! तीन वेळा! काठाला काळा बघ, खाली तपकिरी बघ, तो ओघळ बघ! असला गंज चढवून दाखव तू! आळशी म्हणे!"

सॉसेज भाजणाराही थांबला. दाढीवाल्याने फितीची हळूच गुंडाळी केली, खिशात ठेवली आणि गुडघे झटकत उठला. कोडी माझ्याकडे बघतोय… काय सांगू! माझ्या मुलीने लग्नात आडनाव खोटं सांगितलं होतं असं कळल्यासारखा.

"पपा. खोटा होता?"

मी म्हटलं, "गंज म्हणजे…"

बक्षीस दुसऱ्याला गेलं. आम्ही मिरवणुकीत शेवटचे. झेंडा कुठे, आम्ही कुठे! शेवटी म्हणजे घोड्यांच्या मागे. मी घरी जायला निघालो. कोडी दाराशी गेला. त्या 'एम'वर त्याने बोट फिरवलं, मग माझ्या सोललेल्या हाताकडे बघितलं. म्हणाला, "नाव तुमच्या वडिलांचं. गंज तुमचा. तुम्ही चालवा."

हॅट मांडीवर घेऊन बसलो. लोखंडी बैठकीवर. हातपंपाच्या दांड्याने गिअर टाकला. रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून अख्खं गाव. लुमीरही बसलेला. ट्रक समोर आला, त्याने डोळे बारीक केले, मोठ्याने वाचलं, "व्होंद्राचेक… विहिरी आणि पंप," आणि काठी टेकून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली. माझा हात आपोआप बाहेर गेला. मी दारावर थाप मारली.

तिथेच थांबलं असतं तर बरं होतं! पण पुढे आगीचा बंब मुलांवर पाणी उडवत गेलेला, रस्ता ओला, त्यावर सोळा घोड्यांची लीद, आणि आमच्या चाकांना मडगार्ड कुठे आहेत? "त्यातच तर शोभा आहे!" मुद्दाम नेम धरल्यासारखी चाकाने लीद उचलली आणि फेकली ती बापाच्या नावावर. थप्! परत थप्! माझ्या बाहेर काढलेल्या हातावर, मांडीवरच्या हॅटमध्ये! गाव टाळ्या वाजवतंय!

मैदानात परत आलो, हातात फडकं घेतलं, बादली घेतली, पहिला हात मारणार, तेवढ्यात मागून कोडी ओरडत पळत आला. त्याच्यामागे तो दाढीवाला, हातात कॅमेरा. "पपा, थांबा! पुसू नका! हात लावू नका! ही खरी आहे!"

मी फडकं खाली ठेवलं. काय करणार?

आता वाळली आहे ती लीद. कोडी म्हणतो, उद्या त्यावर लाख मारायची. मारू दे म्हणालो. नंतर विचार केला… नको. त्याच्या हातून ब्रशच्या रेघा उठतात. मीच मारतो.