एकोणीस प्रश्न

— वाचून दाखवतो ना, मालनताई, चष्मा तर लावू द्या. चौतीस वर्षं पेपरात काढली, कागद वाचणं हाच धंदा. आणि हा कागद मला पाठ आहे — फेब्रुवारीत ह्याच बाकावर माझ्या हातात होता. तुमच्या मिस्टरांच्या मेंदूतली मोठी गुठळी निघाली, बरोबर? जांघेतून नळी घालून? आता डॉक्टर म्हणतात, बारीक शिरांत कण अडकलेत, नळी आत आहे तोवर तिच्यातूनच औषध सोडू, म्हणजे हातपाय, बोलणं जास्त परत येईल. येईल — की येतं का, तेच बघतायत. प्रयोग आहे. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नाही, ते कॉम्प्युटर ठरवतो. रक्तस्रावाचा धोका आहे. सगळं लिहिलंय, लपवलेलं नाही.

पूर्वी लपवायचे. आमच्या मरोळच्या गावठाणात सुंदराबाईंना ताकदीची सुई म्हणून, न विचारता, प्रयोगाचं औषध टोचत होते — कुणी बाहेर काढलं? मी. पहिल्या पानावर. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की माझी वही आपोआप उघडते.

तर त्या दिवशीही उघडली. माझी बायको आयव्ही आत टेबलावर, तिचीही गुठळी नुकतीच काढलेली, आणि डॉक्टर बाहेर आली — मानसी नाव, पोरगीच — म्हणाली, ॲम्ब्रोज अंकल, पटकन ठरवा. पटकन म्हटलं की मला वास येतो. कंपनी कुठली, परवानगी कुणाची, बाई दगावली तर जबाबदार कोण — एकोणीस प्रश्न. ही बघा वही. प्रत्येकाचं उत्तर दिलं तिनं, सरळ. एकही खोटं नव्हतं, नंतर तपासलं मी. अठराव्याला आतून कुणीतरी येऊन तिच्या कानात बोललं. तिनं एकोणिसावं उत्तरही दिलं आणि म्हणाली, अंकल, नळी काढली आता. फार वेळ ठेवता येत नाही.

चुकलं असं नाही म्हणत मी. सही केली असती तरी औषध मिळालंच असतं कशावरून? मिळून गुण आला असता कशावरून? शेजारच्या खाटेवरचा धाकू — त्याच्या बायकोनं न वाचता सही ठोकली — चालत घरी गेला. औषधानं बरा झाला? कोण जाणे. कुणालाच सांगता येत नाही, विचारलंय मी. पंचवीस वर्षं चर्चमध्ये गाणं शिकवलं आयव्हीनं, आता एकच शब्द येतो — सोमवार. पाणी सोमवार. गोळी सोमवार. मी सोमवार. आत तिला बोलायला शिकवतायत, म्हणून बसलोय इथे.

जाऊ दे. तुम्हाला किती वेळ दिलाय डॉक्टरनं? — दहा मिनिटं? कधीपासून? मी चष्मा शोधत होतो तेव्हापासून?

अहो, मग माझं ऐकत काय बसलात. द्या तो कागद — नको, धरा तुम्हीच. हो म्हणा, नाही म्हणा, मला विचारू नका. पण आत जाऊन सांगा. माझ्याकडे बघू नका. उठा, ताई. उठा.