शिरीषकाकांना अडवायचं कोणी?

शनिवार, ७ मार्च. ढगाळ, बोचरा वारा. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या आमच्या मराठी बास्केटबॉल संघाचे जुने खेळाडू नोकऱ्या बदलून पांगले, म्हणून आम्ही नव्या पोरांवर संघ उभा करत होतो. तेवढ्यात बर्मिंगहॅमच्या मंडळाने विचारलं, "आमचे शिरीषकाका घ्या, तुमचा रोहन द्या." काका चोपन्न वर्षांचे डॉक्टर, पण दर सामन्यात सगळ्यांत जास्त गुण त्यांचेच. आमचा कप्तान निखिल लगेच तयार झाला. मी म्हटलं, आधी काकांना इथे बोलावून एक सराव सामना खेळवू. तो आज झाला.

काकांनी ओळीने सहा वेळा चेंडू जाळीत टाकला.

"बघ, आहे का कोणी अडवणारं?" निखिल मला म्हणाला.

खरंच, कोणी अडवतच नव्हतं. मी रोहनला बाजूला घेऊन कारण विचारलं.

"ते काका आहेत," इथेच जन्मलेला रोहन म्हणाला. "पडले तर माझा आई ओरडेल."

"तू अडव. आईचं मी बघतो."

रोहन काकांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, तुम्हाला अडवू का?"

"अडव की."

त्यानंतर काकांचा एकही चेंडू जाळीत गेला नाही. धापा टाकत ते निखिलकडे आले. "अरे, ह्याला देऊन मला घेतोयस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

अदलाबदल झाली नाही. रोहन रीडिंगमध्येच राहिला, काका संध्याकाळच्या ट्रेनने बर्मिंगहॅमला परत गेले.