पाच घरांतली दुहेरी तार

आदरणीय अध्यक्षमहोदय, मंचावर बसलेले अग्निशमन दलाचे साहेब, रहिवासी मंडळाच्या चिटणीस बाई, आणि समोर बसलेले माझ्या इमारतीतले सर्व काका, काकू, मावश्या आणि मित्रहो,

माझं शिक्षण आठवीपर्यंत. मोठ्या सभेत बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय. आपण माझ्या धाडसाचा सत्कार ठेवलात. त्याचा मान राखून आधीच सांगतो, हे प्रशस्तिपत्र मला घेता येणार नाही. मला आज पाच घरांची दारं उघडून हवी आहेत. का, ते सांगतो.

रविवार, नऊ मार्च, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. मी बाहेरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होतो. मामी न्हाणीघरात, गिझर चालू. स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीवर भात, त्यावर लक्ष ठेवायला माझी नऊ वर्षांची मामेबहीण. मामा कामावर.

त्याआधी चार महिने काय झालं होतं, हे आपल्याला ठाऊक नाही.

आमचा फ्यूज आठवड्यातून दोनदा उडायचा. वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी बोर्डाचं झाकण काढलं आणि म्हणाले, "घर जुनं, यंत्रं नवी. हा लाकडी बोर्ड आता पुरे. वायरींसकट सगळंच बदला."

ते जिना उतरेपर्यंत मामा हसत होते. "न्हाव्याला कधी विचारावं का, केस वाढलेत का म्हणून? तू असं कर, फ्यूजची तार दुहेरी घाल."

मी घातली. अगदी नीट, पीळ देऊन. त्या दिवसापासून फ्यूज उडाला नाही. मामांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "भाच्याचा हात सोन्याचा आहे." आपल्या इमारतीत सगळीकडे तेच बोर्ड. आपण बोलावलंत आणि मी आणखी सहा घरांत तेच करून आलो.

मंडळी, उडणं हेच फ्यूजचं काम असतं. मी त्या बिचाऱ्याला कामावरून काढलं होतं. बोर्ड कधी बदलावा, असं आता मला सगळे विचारतात. फ्यूज सारखा उडतो, शेगडी लावली की दिवा मंद होतो, झाकण हाताला कोमट लागतं, मासळीसारखा करपट वास येतो. यातलं एक जरी दिसलं तरी वेळ झाली. आमच्याकडे चारही होतं. मी रोज बोर्डावर हात ठेवून बघायचो. बहीण म्हणायची, "आई, दादा बोर्डाचा ताप बघतोय. गोळी दे त्याला." मामी म्हणायची, "बोर्डाला की दादाला?" दोनदा मी बोललो, दोनदा हसं झालं. तिसऱ्यांदा झाकण पोळलं, तेव्हा मी गप्प बसलो.

बोर्ड पुढच्या दाराच्या वर होता. त्या रविवारी तो पेटला आणि ठिणग्या खालच्या रद्दीवर पडल्या. न्हाणीघर त्या दाराला लागूनच. बहिणीला मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या गॅलरीत दिलं. याचंच आपण कौतुक करता. परत फिरलो तेव्हा धुरात मला न्हाणीघराचं दार सापडलं नाही. अग्निशमन दलाच्या या साहेबांना सापडलं, अकरा मिनिटांनी. तोवर मामी गेली होती.

मामा शेवटच्या रांगेत बसले आहेत. मी हे वाचणार, हे त्यांना सकाळी सांगितलं. ते म्हणाले, "तार घाल म्हणालो मी. तुझं एकट्याचं सांगू नकोस."

आगीनंतर मी सहाही दारं वाजवली. शिलाईवाल्या मावशींनी लगेच उघडलं, त्यांचा बोर्ड बदलून झाला. बाकीच्यांनी मला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. त्यांतलेच आपले मास्तर म्हणाले, "बाळा, तू आधी स्वतःला सावर. आमचा फ्यूज तर तेव्हापासून एकदाही उडाला नाही." मास्तर, आमचाही नव्हता उडाला.

हिशेब असा. तार घातली सात घरांत. एक जळलं, एक सुधारलं, पाच बाकी. वायरमन काका सभागृहाच्या दाराशी उभे आहेत. आज आम्ही पाचही ठिकाणची दुहेरी तार काढू. फ्यूज पुन्हा उडू लागेल, कृपया चिडू नका. बोर्ड बदलेपर्यंत गिझर आणि शेगडी एकत्र लावू नका.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी सर्वांचा आभारी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात नको ते बोललो असेन, वाचताना कुठे अडखळलो असेन, तर लहान समजून पोटात घाला.

अध्यक्षमहोदय, त्या पाचांत एक घर आपलं आहे. आपल्या आई आत्ता घरी एकट्याच आहेत. आपण भाषणाला उठण्याआधी त्यांना फोन करून गिझर बंद करायला सांगाल का? तोवर मी थांबतो.