खंडेनवमीच्या फ्लॉप्या

—त्या खुर्चीवर नका बसू साहेब, तिचं एक चाक निघालंय. हितं बसा. सर्व्हर चालू व्हायला दहा मिनिटं तरी घेतोय, म्हातारा झालाय — आन् तीन आठवडे बंद होता. व्हय, मीच बंद ठेवला. तुमी मशीन बघायला पुण्यासनं येईपर्यंत कुणाला हात लावू दिला न्हाई. नानासो — आमचे शेती अधिकारी, मघाशी तुमाला चहा पाजला ते — रोज यायचे, लालासाहेब, चालू करून तर बघा. मी म्हणायचो, आजारी माणसाला हलवायचं नसतंय. त्यांना पटायचं. कारखान्यात एसी दोनच खोल्यांत, एक चेअरमनच्या आन् एक ह्या मशीनच्या. त्यातल्या एका खोलीत बसणारा माणूस काय बी बोलला तरी लोकांना पटतंय.

काय गेलंय ते सांगितलं का तुमाला? उसाची नोंद. पलूसपासून कडेगावपर्यंत कुणी कवा लागण केली त्याची तारीख. त्या तारखेवर तोडणीची पाळी लागती — ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी. आता यादीच न्हाई म्हणल्यावर जो तो येऊन सांगतोय, माझीच लागण पहिली. काल एक म्हातारं आलं, म्हणलं, आमच्याकडं तर कारखाना व्हायच्या आधीपासनं ऊस उभा हाय. कागद? होते की, नोंदीच्या पावत्या होत्या, पोती भरून. मे महिन्यात रद्दीत घातल्या. कॉम्प्युटर आल्यावर कागद कशाला पायजे, असं मीटिंगमध्ये उभं राहून कोण म्हणलं? मीच म्हणलो. टाळ्या बी वाजल्या. आन् गाळप आता दहा दिवसांवर आलंय.

बॅकअप — आता तुमी हे विचारणारच. होता. टेपचं मशीन मागत होतो तीन वर्षं. दर साली बजेट न्हाई, पुढच्या साली बघू — आन् त्याच साली गेटवर दिव्यांची कमान उभी राहिली. बघितली ना येताना? चांगली हाय, मला बी आवडती. मग मी फ्लॉप्या घेतल्या. चाळीस. दर शनिवारी एकीमागनं एक घालायची, सगळी नोंद उतरवून घ्यायची, परत पुढच्या शनिवारी त्याच फ्लॉप्या. दुसरा संच? चाळीसच मंजूर झाल्या हो. पण ताजा होता बॅकअप, दसऱ्याच्या आदल्या शनिवारचा. झालं काय, खंडेनवमी आली. पुण्यात करता का न्हाई माहीत न्हाई, हितं सगळी हत्यारं पुजत्यात. मिलवाले रोलरला हार घालत्यात, काट्यावर नारळ फुटतोय, ट्रॅक्टरवाल्यांचं तर बघायलाच नको. मग आमी काय पुजायचं? गेल्या साली कीबोर्ड पुजला, तर कुंकू आत जाऊन चार दिवस बटणं अडकत होती. म्हणून औंदा शहाणपणा केला — मशीनला लावायचंच न्हाई. आपलं खरं हत्यार कुठलं? फ्लॉप्या. मांडल्या पाटावर, चाळीसच्या चाळीस. आन् नुसत्या प्लास्टिकला बोट लावून काय उपयोग, आत पोचलं पायजे, म्हणून ती पत्र्याची झडप सरकवून आतल्या काळ्या चकतीला हळदीकुंकू लावलं. एकेकीला. हळद सांगलीची, अस्सल. वरनं फुलानं पाणी शिंपडलं. दसऱ्यानंतर मशीन उघडलं तर नोंद न्हाई — पळत जाऊन फ्लॉप्या घातल्या, तर चौथ्या फ्लॉपीला ड्राइव्हनं जी खरखर लावली ती अजून कानात हाय. सहा महिन्यांचा कोर्स केलाय मी सांगलीत. ते बघा भिंतीवर सर्टिफिकेट. त्याला बी हार त्याच दिवशी घातलाय.

पुसलं कुणी, व्हय — ते असं झालं. बाहेर बाकावर एक बाई बसल्यात बघा, निळं लुगडं. शरयूबाई. रोजंदारीवर ऑपरेटर, कडेगावासनं येत्यात, तीन वर्षं पावत्या चढवत होत्या. सफाईच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, सकाळी त्याच मशीनवर बसल्या होत्या. नानासोंनी विचारलं, मी सांगितलं, सकाळी शरयूबाई बसल्या होत्या. एवढंच. खोटं एक अक्षर बोललो न्हाई. नानासो काय समजायचं ते समजले. आज बाईंना कामावरनं कमी केल्याचं पत्र मिळणार हाय, त्यासाठी बसल्यात. वाईट वाटतंय हो, पण काय करणार — दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी एका दमात त्र्याऐंशी फायली जात्यात म्हणल्यावर कुणाला तरी —

काय बघताय? बारा मिनिटं कशी माहीत? अंदाजानं म्हणलो. त्र्याऐंशी बी अंदाजानंच. आन् सकाळी बसलेल्या बाईनं दुपारी कसं — व्हय. आलं माझ्या बी ध्यानात.

बरं. दहा मिनिटं व्हायच्या आत तुमाला कळणारच हाय, मग मीच सांगतो. दुपारी शरयूबाई घरी गेल्या होत्या. उद्या पूजा म्हणून मी मशीनची बी सफाई काढली — पोरांनी गेम भरून ठेवले होते, ते पुसायला बसलो. मला वाटलं मी माझ्या मशीनवर हाय. उभा होतो सर्व्हरवर. मशीननं विचारलं, नक्की पुसू? मी म्हणलं, पूस. तीन दिवसांनी, दसरा झाल्यावर कळलं, तवा कोर्सचं पुस्तक काढलं. सर्व्हरवर पुसलेलं परत आणायची सोय हाय — तुमाला मी काय सांगायचं. यादी आली. त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी फायली, धडधाकट. नुसतं परत आणा म्हणायचं, की झालं. पण प्रत्येक फाईलच्या शेजारी पुसणाऱ्याचं नाव येतंय साहेब. लाला, लाला, लाला. माझं नाव एवढ्या वेळा एका जागी मी कवाच बघितलं नव्हतं, लग्नपत्रिकेत सुद्धा एकदाच होतं. परत आणायची तर कुठनं आणली ते नानासोंना दाखवावं लागणार, आन् नाव बी वर येणार. मग मी सर्व्हरच बंद केला. कायमचं पुसायचा हुकूम बी असतोय, तो टाइप करून बसलो होतो — फायली बी जाणार, नाव बी जाणार. एंटर दाबायचं धाडस झालं न्हाई. भित्रेपणानं माझ्याकडनं एवढं एकच काम चांगलं झालं.

आन् दिवाळीत ती बाई फराळाचा डबा घेऊन माझ्या घरी आली, मलकापूरला. म्हणली, लालाभाऊ, माझ्याच हातनं काय तरी दाबलं गेलं असंल, आठवत न्हाई, पण असंल. तुमाला त्रास झाला. हिला वाटतंय हिनंच केलं. तीन आठवडे ती आठवत बसलीय. मी चकली खाल्ली तिच्या पुढ्यात. चांगली झालीय म्हणलो. लाज वाटली साहेब, पण खाल्ली.

हा कागद घ्या. टेप मिळणार न्हाई हे धरूनच लिहिलाय. फ्लॉप्यांचे दोन संच, आलटून पालटून. एक हितं, एक नानासोंच्या घरी, धान्याच्या कोठीजवळ न्हाई, कोरड्या कपाटात. महिन्यातनं एकदा दुसऱ्या मशीनवर उतरवून बघायचं, येतंय का. पावत्या दोन हंगाम रद्दीत घालायच्या न्हाईत. आन् खंडेनवमीला रिकामा खोका पुजायचा. खाली सही केलेली न्हाई — माझ्यानंतर ह्या मशीनवर जो कोण बसंल, त्याची असू दे.

आला बघा सर्व्हर. यादी काढा. थांबा, दाबू नका अजून — दार उघडतो.

शरयूबाई, जरा आत या. ती खुर्ची नको, माझ्या खुर्चीवर बसा. बसा हो. ह्या साहेबांना यादी वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा, नानासोंना बी ऐकू जाऊ दे.

न्हाई, फाईलचं नाव न्हाई. त्याच्या शेजारचं.