छपरीवाल्या बाई

आमच्या नागपुरात छपरी म्हणजे घराच्या पुढच्या भिंतीला टेकलेली, उतरत्या कौलांची, तिन्ही बाजूंनी मोकळी जागा. पोरे हल्ली उनाड माणसालाही छपरी म्हणतात. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.

धरमपेठेतले आमचे जुने घर दुरुस्त झाले, तेव्हा तेथे पूर्वी राहून गेलेल्यांच्या नावांची पाटी लावायचे ठरले. एक वकील आणि एक रेल्वेचे गार्ड यांच्याखाली शेवटची ओळ होती : 'सखूबाई, ओसरीतल्या शिक्षिका.' सागवानी खांबांच्या त्या छपरीत सखूबाई वस्तीतल्या मुलींना शिकवीत असत.

पाटी पाहायला त्यांची सत्तरीतली लेक, विमलताई, नागपूरजवळच्या बेसा गावाहून आल्या. चष्मा पुसून त्यांनी ती दोनदा वाचली.

"हे कोन बाई आहे गा?"

"तुमच्या आई," माझा पुतण्या म्हणाला.

"माह्या मायले सारे छपरीवाल्या बाई म्हणत. ओसरीतली बाई मले माहीत नाही."

"आजी, छपरी आता शिवी झाली आहे. लोक हसतील."

"मंग हसणाऱ्याले समजाव. माह्या मायचं नाव काहून बदलवून राहिला?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. विमलताई छपरीच्या पायरीवर बसल्या. "पेंटरले बोलवा. तोवर मी इथंच आहो."

पेंटर आला, ओळ बदलली, आणि मगच त्यांनी चहाचा कप हाती घेतला.

मित्र हा किस्सा सांगताना म्हणतात की, एका शब्दाच्या हट्टापायी मी पाटी बदलायला लावली. ते चूक आहे. शुद्ध शब्द म्हणून 'ओसरी' मीच लिहून दिला होता.